२८ दिवसांची परीक्षा : ‘विघटनशील’ हा शिक्का कसा घडला?

१९५९ चा उन्हाळा पश्चिम जर्मनीत कमालीचा कोरडा गेला. नद्यांची पात्रे आटली आणि नेकार, मेन यांसारख्या नद्यांच्या बंधाऱ्यांखाली पांढऱ्या फेसाचे ढीग साचू लागले. काही ठिकाणी हे ढीग पुरुषभर उंचीचे होते. वारा सुटला की त्यांतले पुंजके काठावर उडून येत. हा फेस एखाद्या कारखान्याच्या नळातून आलेला नव्हता. घराघरांत कपडे धुण्यासाठी वापरलेली पावडर गटारातून मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गेली होती आणि तिथून जवळजवळ सुखरूप बाहेर पडून नदीत पोचली होती.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६१ मध्ये, पश्चिम जर्मनीने कायदा केला. धुण्याच्या पावडरीतले मुख्य रसायन पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडून पुरेसे मोडले गेले पाहिजे, अन्यथा ते विकता येणार नाही, असा त्याचा आशय होता. वाचायला हे सोपे आहे. पण ‘पुरेसे’ म्हणजे किती? कोणत्या पाण्यात, किती तापमानाला, किती दिवसांत? आणि मुख्य म्हणजे, पदार्थ ‘मोडला’ हे ओळखायचे कशावरून? आज साबणाच्या बाटलीवर जो ‘बायोडिग्रेडेबल’ शब्द सहज छापलेला दिसतो, त्याचा इतिहास म्हणजे या प्रश्नांना वेळोवेळी दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. (थ्रेड)

बाटलीत नदी कोंडून पाहण्याची कल्पना याहून पुष्कळ जुनी. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश पार्लमेंटचे कामकाज अवघड करून सोडले, ही घटना प्रसिद्धच आहे. त्यानंतर नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या आयोगावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८७० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. घाण मिसळलेले पाणी बंद बाटलीत ठेवायचे आणि त्यातला विरघळलेला ऑक्सिजन दिवसागणिक किती घटतो ते मोजायचे. ऑक्सिजन संपतो, म्हणजे घाण ‘जळते’ आहे. ही केवळ रासायनिक क्रिया आहे, असे प्रथम वाटले होते. पुढच्या दशकात विल्यम डिब्डिन यांच्यासारख्या लंडनच्या रसायनतज्ज्ञांनी स्पष्टपणे मांडले की हे काम पाण्यातले जिवंत सूक्ष्मजीव करतात. शुद्धीकरण म्हणजे त्यांना मारणे नव्हे, त्यांना काम करू देणे.

या बाटलीला सरकारी दर्जा मिळाला तो सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनमुळे. १८९८ मध्ये नेमलेले हे कमिशन तब्बल १९१५ पर्यंत चालले. १९१२ च्या आठव्या अहवालात त्याने जी शिफारस केली, ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोचली: सांडपाणी नदीत सोडताना त्यात तरंगता गाळ लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि ६५ अंश फॅरनहाइटला (सुमारे १८.३ अंश सेल्सिअस) ५ दिवसांत त्याने लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ऑक्सिजन खाऊ नये. आज ज्याला बीओडी म्हणतात ते हेच माप.

हे आकडे आले कुठून? नदीच्या पाण्याची ऑक्सिजनची भूक लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर गेली की उपद्रव दिसू लागतो, असे कमिशनचे निरीक्षण होते. बऱ्यापैकी स्वच्छ नदीची भूक २ असते. अशा नदीच्या ८ भाग पाण्यात २० भूक असलेले १ भाग सांडपाणी मिसळले, तर (८ × २ + २०) ÷ ९ = ४. म्हणजे बरोबर काठावर! एवढ्या साध्या भागाकारावर पुढचे शतक उभे राहिले. तापमान इंग्लंडच्या उन्हाळ्यातल्या नदीचे धरलेले. आणि ५ दिवस का? त्याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की ब्रिटनमधल्या नद्यांचे पाणी ५ दिवसांच्या आत समुद्राला मिळते; त्यापलीकडे काय होते ते पाहण्याची गरजच नव्हती. तापमान पुढे २० अंश सेल्सिअस असे नीटनेटके करून घेतले गेले, पण ५ दिवस तसेच राहिले. १,४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरीसुद्धा अनेक वर्षे याच इंग्रजी बाटलीने मोजली गेली.

मापाच्या पाठोपाठ यंत्रणाही आली. मँचेस्टरचे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी एप्रिल १९१४ मध्ये एक शोधनिबंध वाचला. मैलापाण्यात सतत हवा फुंकली आणि खाली बसणारा जिवाणूंनी भरलेला गाळ फेकून न देता पुढच्या घाणीत पुन्हा मिसळला, तर आठवड्यांचे काम काही तासांत होते, हे त्यांनी दाखवले. या गाळाला त्यांनी ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फौलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे दीर्घकाळ भारतातच राहिले, हा दुवा आपल्याकडे फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. पण इथे लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. नवी शुद्धीकरण केंद्रे पाण्यात हवा फुंकणारी होती. साबणाच्या पाण्यात हवा फुंकली की काय होते, हे कोणत्याही लहान मुलाला ठाऊक असते.

प्रत्यक्ष साबणाने मात्र त्रास दिला नाही. साबण चरबीपासून किंवा तेलापासून होतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की त्याचा साका होतो, आणि जो उरतो तो सूक्ष्मजीव मजेत खातात. धुणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा साका हाच साबणाचा मोठा दोष. महायुद्धांच्या काळात चरबीचा तुटवडा पडला आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोलियमजन्य वायू स्वस्तात मिळू लागले, तेव्हा कृत्रिम डिटर्जंटांचे युग सुरू झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांत एका रसायनाने बाजी मारली: टेट्राप्रोपिलीन बेन्झीन सल्फोनेट, संक्षेपाने टीपीबीएस. नाव भयंकर, पण पदार्थ स्वस्त, भरपूर फेस देणारा आणि जड पाण्यातही न फाटणारा.

त्याचे रहस्य आणि त्याचे पाप दोन्ही त्याच्या नावात आहेत. प्रोपिलीनचे ४ रेणू एकमेकांना जोडून १२ कार्बनांची शेपटी बनवायची आणि ती बेन्झीनच्या कड्याला लावायची. साबणाच्या रेणूची शेपटी सरळ असते. जिवाणूंची विकरे तिच्या टोकापासून सुरुवात करून एका वेळी दोन-दोन कार्बन तोडत आत जातात, ऊस सोलून खावा तसे. प्रोपिलीनपासून केलेली शेपटी मात्र फांद्याफांद्यांची असते. ज्या कार्बनला चारही बाजूंनी कार्बनच जोडलेले असतात, तिथे विकर अडते. परिणामी, शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या टीपीबीएसपैकी साधारण निम्मेच नाहीसे होई आणि बाकीचे नदीत जाई. त्यातून खाली कुठे तरी पिण्याचे पाणी उचलले जाई. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तर शोषखड्ड्यांतले पाणी जमिनीत मुरून विहिरींत उतरले आणि नळाखाली धरलेल्या पेल्यात बिअरसारखा फेस येऊ लागला.

ब्रिटनने १९५३ मध्ये सर हॅरी जेफकॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल १९५६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी एक स्थायी तांत्रिक समिती बसली. या समितीचा मार्ग जर्मनीपेक्षा निराळा होता. कायदा नको, कारखानदारांना सोबत घेऊन मार्ग काढू, हा तिचा खाक्या. तिच्या कामातला सर्वांत रंजक भाग म्हणजे ल्यूटनचा प्रयोग. टोप्या आणि मोटारी यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव १९५८ मध्ये जणू एक प्रयोगशाळाच झाले. गावात विकल्या जाणाऱ्या घरगुती डिटर्जंटांत टीपीबीएसऐवजी ‘मऊ’, म्हणजे तुलनेने लवकर मोडणारे रसायन घालण्यात आले आणि गावाच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर नजर ठेवण्यात आली. हे पाणी ली नदीत जाते आणि ली नदीचे पाणी लंडन पिते, त्यामुळे प्रयोग हौसेचा नव्हता. अवशेष स्पष्टपणे घटले, पण संपले नाहीत. नवे रसायनही पुरते सरळ शेपटीचे नव्हते. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली: नदी सुधारण्याची एक वाट शुद्धीकरण केंद्रातून जाते, तर दुसरी पावडरीच्या रेणूतून.

आता मोजण्याचा प्रश्न. नदीच्या पाण्यात लिटरला एखाद-दुसरा मिलिग्रॅम असलेले डिटर्जंट मोजायचे कसे? यासाठी १९५० च्या दशकात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाची पद्धत रूढ झाली. हा रंग एरवी पाण्यातच राहतो, क्लोरोफॉर्ममध्ये उतरत नाही. पण ऋणभारित डिटर्जंटाचा रेणू भेटला की दोघांची जोडी जमते आणि ती जोडी क्लोरोफॉर्ममध्ये जाते. क्लोरोफॉर्म जितका निळा, तितके डिटर्जंट जास्त. पद्धत स्वस्त, जलद आणि कोणत्याही नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत जमण्याजोगी होती. निळा रंग फिकट होत गेला, की डिटर्जंट मोडले.

जर्मनीने १९६२ च्या नियमावलीत याच मापावर आकडा ठरवला: किमान ८० टक्के. चाचणीसाठी काचेचे एक चिमुकले शुद्धीकरण केंद्र वापरायचे. त्यात पेप्टोन, मांसाचा अर्क, युरिया आणि क्षार घालून बनवलेले ‘कृत्रिम मैलापाणी’ सोडायचे. प्रत्येक गावचे खरे मैलापाणी निराळे असल्यामुळे न्यायासाठी सर्वांना एकच घाण हवी होती! हा नियम १ ऑक्टोबर १९६४ पासून लागू झाला. अमेरिकी कारखानदारांनी संसदेचा बडगा डोक्यावर दिसताच १९६५ च्या मध्यापर्यंत स्वतःहून बदल केला आणि ब्रिटनही त्याच सुमारास वळले.

हे इतक्या वेगाने शक्य झाले, कारण तेल उद्योगाकडे नुकतीच एक नवी चाळणी आली होती. ‘आण्विक चाळणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सच्छिद्र खनिजांची छिद्रे इतकी नेमकी असतात, की केरोसीनमधले सरळ साखळीचे रेणू त्यांत शिरतात आणि फांद्यांचे बाहेर राहतात. सरळ शेपट्या वेगळ्या काढून त्यांपासून नवे डिटर्जंट बनले: लिनिअर अल्किलबेन्झीन सल्फोनेट, म्हणजे एलएएस. भारतातल्या डिटर्जंट धंद्यात ‘ॲसिड स्लरी’ या नावाने पिंपांतून विकला जाणारा काळपट दाट द्रव याच घराण्यातला. १९८० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथेही त्याचा सरळ साखळीचा कच्चा माल तयार होऊ लागला. युरोप-अमेरिकेच्या नद्यांवरचा फेस काही वर्षांत ओसरला. एका रेणूचा आकार बदलून नद्या निवळल्या, असे उदाहरण औद्योगिक इतिहासात फार नाही. याचे श्रेय कायदा करणाऱ्यांना, बदल करणाऱ्या कारखान्यांना आणि त्या निळ्या रंगाला, सर्वांनाच द्यायला हवे.

पण निळ्या रंगाची एक मर्यादा होती. तो फक्त अखंड डिटर्जंट ओळखत असे. जिवाणूने शेपटीचे टोक जेमतेम कुरतडले तरी रेणूची धुण्याची शक्ती जाते, फेस जातो, निळा रंगही जातो. उरलेला सांगाडा पाण्यात तसाच असू शकतो. शास्त्रज्ञांनी पुढे याला दोन वेगळी नावे दिली. मूळ गुणधर्म नाहीसा होणे म्हणजे प्राथमिक विघटन. सगळा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंचे शरीर यांत जाणे म्हणजे अंतिम विघटन. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय समुदायाने आपले डिटर्जंटविषयक निर्देश काढले, तेव्हाही ८० टक्क्यांची अट प्राथमिक विघटनाचीच होती. कारण नागरिकांची तक्रार फेसाची होती आणि फेस तर गेला होता.

या फटीतून जे निसटले त्याचे नाव नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट. लोकर धुणे, कापड उद्योग, औद्योगिक सफाई अशा कामांत हे भारहीन डिटर्जंट अतिशय लोकप्रिय होते. त्यासाठी निळ्या रंगाची पद्धत चालत नाही, बिस्मथवर आधारलेली दुसरी पद्धत होती. पण तीही अखंड रेणूच मोजत असे. मैलापाण्यातले जिवाणू त्याची लांब शेपटी पटापट तोडत आणि परीक्षा उत्तीर्ण होई. शेपटी तुटल्यावर उरे ते नोनिलफिनॉल. ते पाण्यापेक्षा चरबीत आणि गाळात रमणारे, मूळ रसायनापेक्षा जलचरांना अधिक घातक आणि मोडायला कठीण. १९८४ मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी मैलापाण्याच्या गाळात ते मोठ्या प्रमाणात साठलेले असल्याचे प्रसिद्ध केले.

पुढच्या दशकात इंग्लंडमधून आणखी अस्वस्थ करणारी माहिती आली. शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या नर माशांच्या रक्तात अंड्यातला पिवळा बलक बनवणारे प्रथिन सापडू लागले. हे प्रथिन एरवी मादीतच तयार होते. बहुतेक ठिकाणी याचे कारण माणसांच्या मूत्रातून आलेली स्त्री-संप्रेरके हे होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण यॉर्कशरमधली एअर नदी, जिच्या काठी लोकर धुण्याचा व्यवसाय होता, तिथे संशयाची सुई नोनिलफिनॉलकडे वळली, कारण हा रेणू शरीरात इस्ट्रोजेनची नक्कल करतो. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध आणले. २००४ च्या नव्या डिटर्जंट नियमात विघटनाची मुख्य कसोटीच बदलली गेली: केवळ प्राथमिक विघटन यापुढे पुरणार नाही, अंतिम विघटन दाखवावे लागेल. फेसाच्या काळात विचारायचा राहून गेलेला प्रश्न विचारायला ४० वर्षे लागली.

हा प्रश्न तोवर दुसऱ्या एका देशाने, निराळ्या कारणाने, विचारलेला होता. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात पीसीबी मिसळले गेले आणि ते खाल्लेल्या हजारो लोकांना त्वचेचे व यकृताचे विकार जडले. तेलाला वास काढून टाकण्यासाठी तापवताना, उष्णता वाहून नेणाऱ्या नळीतून हे रसायन त्यात झिरपले होते. पीसीबीला फेस येत नाही. ते नदीवर दिसत नाही. ते मोडत नाही आणि सजीवांच्या चरबीत साठत जाते. जपानने १९७३ मध्ये कायदा केला, की नवे रसायन बाजारात येण्यापूर्वीच ते निसर्गात मोडते की नाही याची परीक्षा झाली पाहिजे. डिटर्जंटपुरता असलेला प्रश्न आता सगळ्या रसायनांना लागू झाला. आधी वापर आणि मग तक्रार हा क्रम उलटला, हे या कायद्याचे खरे महत्त्व.

जपानी चाचणीची रीत पाहण्यासारखी आहे. देशातल्या १० ठिकाणांहून, म्हणजे शुद्धीकरण केंद्रे, नद्या, सरोवरे, समुद्रकिनारा इथून गाळ व पाणी गोळा करायचे, ते एकत्र करून जिवाणूंचे एक मिश्र कुटुंब सांभाळायचे आणि त्याच्यापुढे रसायन ठेवून बंद भांड्यात किती ऑक्सिजन खर्च होतो ते मोजत राहायचे. एका नदीच्या नशिबावर निकाल अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार.

पॅरिसमधील आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिने १९८१ मध्ये अशा वेगवेगळ्या देशांच्या पद्धती एका क्रमांकाखाली आणल्या. हा क्रमांक ३०१. १९९२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि त्यात ६ पद्धती आहेत. कुठे विरघळलेला सेंद्रिय कार्बन किती घटला ते मोजतात, कुठे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पकडतात, कुठे ऑक्सिजनचा खर्च. फ्रँकलंड यांची बंद बाटलीही त्यांत आहे, फक्त ५ ऐवजी २८ दिवसांसाठी. या सगळ्या मापांत एक साम्य आहे: मूळ रेणू दिसेनासा झाला का, हे त्यांतले कोणतेच माप विचारत नाही. कार्बनचे काय झाले, एवढेच ती विचारतात. त्यामुळे अर्धवट मोडलेला सांगाडा इथे लपू शकत नाही.

उत्तीर्ण होण्याची अट अशी: २८ दिवसांत कार्बनच्या मापाने ७० टक्के, किंवा ऑक्सिजन अथवा कार्बन डायऑक्साइडच्या मापाने ६० टक्के. शंभर का नाही? कारण जिवाणू जे खातात ते सगळे जाळत नाहीत, बराच कार्बन स्वतःचे शरीर वाढवण्यात घालतात. शिवाय आणखी एक अट आहे. विघटन १० टक्क्यांवर पोचले की घड्याळ सुरू होते आणि तिथून १० दिवसांच्या आत ही पातळी गाठावी लागते. रखडत-रखडत उत्तीर्ण होणे मान्य नाही. जपानी पद्धतीला मात्र ही १० दिवसांची खिडकी लागू नाही. प्रत्येक देशाची जुनी सवय थोडीशी शिल्लक ठेवून केलेला हा करार आहे.

या परीक्षेत रसायनाला कसलीही सवलत नसते. जिवाणूंची संख्या मुद्दाम कमी ठेवतात. त्यांना आधीपासून त्या रसायनाची सवय लावायची नाही, असा स्पष्ट दंडक आहे. शेजारी एक कोरी बाटली असते, जिच्यात रसायन नसते. जिवाणूंचा स्वतःचा श्वास त्यातून वजा करतात. आणखी एका बाटलीत सोडियम बेन्झोएटसारखा सहज मोडणारा पदार्थ असतो. तो १४ दिवसांत उत्तीर्ण झाला नाही, तर जिवाणूच निकामी समजून सगळा प्रयोग बाद. इतक्या कठोर परीक्षेतून जो पार पडतो त्याला ‘सहज विघटनशील’ म्हणतात, आणि असा पदार्थ नदीत लवकर मोडेल असे गृहीत धरून पुढच्या तपासण्या बहुधा माफ होतात. उलट, नापास झालेला पदार्थ अविघटनशील ठरत नाही. त्याला पुढची, सौम्य परीक्षा द्यावी लागते. जाहिरातीत या दुसऱ्या भागाचा उल्लेख क्वचितच दिसतो.

भारतात या बाटलीचे काय झाले? १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली, जी १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाते. इंग्लंडच्या थंड नदीसाठी ठरवलेले माप इथल्या हवेत जसेच्या तसे कशाला, हा प्रश्न भारतीय अभियंत्यांना पडणे स्वाभाविक होते. उष्णतेत जिवाणू झपाट्याने काम करतात. पुढे भारतीय मानकाने २० अंशांना ५ दिवस सोडून २७ अंशांना ३ दिवस ही बाटली स्वीकारली, आणि नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम ही बीओडीची सर्वसाधारण मर्यादाही त्याच मापात सांगितली जाऊ लागली. रॉयल कमिशनचे ५ दिवस अखेर इथे तरी मोडले.

तरीही फेस परत आला. बंगळूरचे बेलंदूर तळे, दिल्लीत कालिंदी कुंजजवळची यमुना यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. महाराष्ट्रात आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत वारंवार असाच पांढरा थर दिसतो, कधी ऐन वारीच्या दिवसांत. वारकरी त्यात स्नान करतात, तेच पाणी ओंजळीत घेतात. प्रक्रिया न केलेले घरगुती व औद्योगिक सांडपाणी हे कारण वारंवार सांगितले जाते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक कोडे पडायला हवे. फांद्यांच्या शेपटीचे डिटर्जंट युरोप-अमेरिकेने १९६० च्या दशकात टाकून दिले. आजच्या पावडरीतले एलएएस ओईसीडीच्या ३०१ क्रमांकाच्या परीक्षेत उत्तीर्ण होते. मग फेस कसा?

उत्तर बाटलीत शिरताना आधीच भरून घेतलेल्या गोष्टीत आहे. परीक्षेचे पाणी प्रयोगापूर्वी हवेने संपृक्त केलेले असते. कारण एलएएसच्या शेपटीवर पहिला घाव घालायला जिवाणूला ऑक्सिजन लागतो; तो नसेल, तर हा ‘सहज विघटनशील’ रेणू महिनोन्‌महिने जवळजवळ तसाच राहतो. शुद्धीकरण केंद्रात ऑक्सिजन पंपाने फुंकला जातो. जे सांडपाणी केंद्रात न जाता ओढ्यातून थेट नदीला मिळते, ते वाटेतच सगळा ऑक्सिजन संपवते. काळ्या, कुजलेल्या पाण्यातून डिटर्जंट न मोडता वाहत येते, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळून त्यात पहिल्यांदा हवा मिसळते, तिथे ते फेसाच्या रूपाने वर येते. नेकारच्या बंधाऱ्याखाली १९५९ मध्ये हेच दृश्य होते. तिथे रेणू नापास झाला होता. इंद्रायणीत रेणू उत्तीर्ण आहे आणि परीक्षेत गृहीत धरलेले पाणीच नदीत उरलेले नाही.